मागचे पाय नसलेली खुर्ची

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये पाइप वाकवणारे पुष्कळ सापडतील, पण खुर्चीचा पाइप वाकवावा तर मीच, हे मी कुणालाही छाती ठोकून सांगतो. माझ्या स्वतःच्या घरात मात्र बसायला एक प्लास्टिकचं स्टूल होतं, आणि त्याच्यावर कपड्याच्या पावडरचा डबा बसायचा.

आम्ही सगळे खाली बसणारे. जेवायला खाली, टीव्हीला खाली, पाहुणा आला की चटई. पलंग एकच, तो बाबांचा. पण बाबा पलंगावर फक्त झोपायला जायचे. दिवसा जमिनीवर मांडी घालून, भिंतीला न टेकता, पाठ अशी सरळ की लेव्हल लावून बघावी.

बाबा मुंबईत एका ऑफिसात शिपाई होते. साहेबाच्या केबिनबाहेर त्यांचं स्टूल, त्याला पाठ नाय. बेल वाजली की उठायचं. खुर्च्या त्यांनी आयुष्यभर उचलल्या. मीटिंगला मांडायच्या, मीटिंग संपली की एकात एक रचून ठेवायच्या. बसले कधी नाय. लहानपणी मला सांगायचे, टेकून बसलं की झोप येते आणि झोप आली की बेल ऐकायला येत नाय. मी शाळेत टेकूनच बसलो. बेल काय ऐकायला आली नाय, म्हणून चौथीनंतर शाळेनंच मला उठवलं.

तर हे बाबा एका सकाळी बाथरूमच्या उंबऱ्यावर घसरले आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, आत काय काय धातू घातला. मी डॉक्टरांना विचारलं, स्टील कुठल्या ग्रेडचं आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा प्रश्न गिळला. बायकोनं बाहेर आल्यावर सांगितलं, बाप आत पडलाय आणि तुम्ही दुकान मांडून बसा.

घरी आणल्यावर फिजिओच्या मॅडम यायला लागल्या. बोलायला गोड, पण काम कडक. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, जमिनीवर बसणं आता कायमचं बंद. बाबांनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मग मॅडमनी मला लिफ्टजवळ बोलावलं.

"यांना झोपून ठेवू नका," त्या बोलल्या. "खुर्चीत बसवा. आणि खुर्चीतनं त्यांचे ते उठले पायजेत. तुम्ही उचलून उभं केलंत ते धरायचं नाही. असेच पडून राहिले तर छातीत कफ भरेल, मग माझ्या हातात काही नाही."

मी मान हलवली. लिफ्ट आली, मॅडम गेल्या, मी तिथंच उभा. लिफ्ट परत वर आली, त्यातनं शेजारच्या गुजराती काकी उतरल्या आणि त्यांनी विचारलं, भाई, आप लिफ्टमन कब से बने? मला नेहमीसारखं काहीतरी उत्तर द्यायचं होतं. आलंच नाय. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

बाबांचा राग जमिनीसाठी होता. दर रविवारी ते विहारात वंदनेला जायचे. तिथं म्हाताऱ्या माणसांसाठी मागे खुर्च्या लावतात. बाबा त्या खुर्च्यांकडे बघायचे पण नाय, थेट पुढे सतरंजीवर. मी एकदा सहज बोललो, आता खुर्चीत बसून वंदना घ्या. ते बोलले, सगळे खाली आन् मी वर बसू? तसा मी न्हाय.

पहिली खुर्ची मी सोसायटीच्या ऑफिसातनं मागून आणली. पांढरी प्लास्टिकची, हात असलेली. बाबांनी मान वळवून बघितलं. बोलले, ही मयताला मांडतात. खोटं नव्हतं ते. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी गेलं की त्याच खुर्च्या बाहेर निघतात. मी गुपचूप परत दिली.

दुसरी मी भंगारवाल्याकडनं आणली, ऑफिसची, चाकांची, पाठ उंच, खाली दांडी दाबली की वरखाली होते. बोललो, बाबा, ही साहेबाची खुर्ची, आता तुम्ही साहेब. बायकोनं आणि मी त्यांना दोन्ही बाजूनं धरून बसवलं. मग मी त्यांना दाखवायला जरा लांब उभा राहिलो, जसा कारागीर आपल्या कामाकडे बघतो, आणि बाबा हळूहळू माझ्यापासनं लांब जायला लागले. आमची लादी स्वयंपाकघराकडे उतरती आहे, बिल्डरची मेहेरबानी. बाबा बसल्या बसल्या फ्रिजपर्यंत गेले. फ्रिजला लागून थांबले. दोन्ही हात खुर्चीला असे धरलेले की बोटं पांढरी. बायकोनं धावत जाऊन त्यांना धरलं आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. ती बाबांना मामा बोलते, आमच्यात सासऱ्याला तसंच बोलतात. तिनं एवढंच विचारलं, मामा, लागलं का? मला कुणी काय विचारलं नाय.

त्यानंतर बाबा पलंगावरनं हलेनात. ताट पलंगावर, भांडं पलंगावर. खोकला सुरू झाला. बारीक, कोरडा. मी गाळ्यात मशीनवर उभा असलो तरी मला तो ऐकू यायचा.

त्याच दिवसांत गाळ्यात एक ऑर्डर होती. भाईंदर पश्चिमेच्या डोंगरीला, मुंबईतल्या नाय, एका बाईंनी नवीन घर बांधलेलं, त्यांना खुर्च्या पायजे होत्या. नमुन्याला त्यांनी एक फोटो दिलेला. शेठनं तो माझ्यासमोर धरला आणि मी बोललो, शेठ, फोटो कापला गेलाय, मागचे पाय आलेच नाहीत. शेठ बोलला, मागचे पाय नाहीतच.

खुर्ची अशी: एकच पाइप. खाली जमिनीवर चौकोनासारखा पडतो, पुढनं गुडघ्याएवढा वर चढतो, तिथनं मागे वळून सीट होतो, मग पाठ होऊन वर जातो. हातांसाठी दोन तुकडे, त्यांच्यावर लाकडी पट्ट्या. सीटला आणि पाठीला वेताची जाळी. मागे खाली हवा. बघणाऱ्याला वाटतं आता पडेल, मग पडेल. पडत नाय. पाइप सगळं वजन पुढच्या बेंडवर घेतो आणि जरा लवतो. ही असली खुर्ची परदेशात कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी काढली, असं शेठनं कुठनंतरी ऐकलेलं. मी बोललो, शंभर वर्षं झाली तरी कुणी मागचे पाय लावले नाहीत? हे मी तेव्हा गंमतीनं बोललो होतो.

पाइप वाकवायचा तर आधी त्याच्यात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं लाकडानं बंद करायची, मग वाकवायचा. वाळू कमी पडली की बेंडच्या आतल्या बाजूला सुरकुती येते. माझ्या हातनं एका खुर्चीत वाळू कमी पडली. कारण काय, तर मी मागे उभ्या असलेल्या पोरांना बाबा फ्रिजकडे कसे गेले त्याची नक्कल करून दाखवत होतो. पोरं हसली, मी पण हसलो, आणि पाइप बघितला तर पुढच्या बेंडला गालावर पडते तशी सुरकुती. शेठनं ती बाजूला काढली, रिजेक्ट. त्याच्या बदली मी दुसरी केली.

तयार खुर्च्या टेम्पोत घालून मीच डोंगरीला गेलो, राई गावावरनं, खाडीच्या कडेकडेनं. बाईंनी दार उघडलं. मोठी खोली, पांढऱ्या भिंती, खाली गुळगुळीत लादी आणि खोलीत काहीच नाय. मी विचारलं, मॅडम, बाकीचं सामान कधी येणार? त्या बोलल्या, हेच सामान. त्यांनी एक खुर्ची उचलली, खिडकीजवळ ठेवली, एकटीच, भिंतीपासनं लांब. आणि काय सांगू, मी केलेली ती खुर्ची मला ओळखायलाच आली नाय. गाळ्यात ती लोखंड होती. इथं पाइपवरनं उजेड घसरत होता, वेताच्या जाळीची सावली लादीवर पडलेली, बारीक बारीक चौकटी, आणि खुर्ची जशी कुणाची वाट बघत असावी तशी. बाजूला काय नव्हतं म्हणून ती एवढी दिसत होती. आमच्या घरात असं काय दिसायचं झालं तर आधी आम्हाला बाहेर काढावं लागेल.

बाई बोलल्या, बसून बघा ना. मी काठावर बसलो. खुर्ची खाली गेली, मी ताडकन उठलो आणि सॉरी बोललो. त्या हसल्या. "ती लवतेच. म्हणून तर बरं वाटतं." मग मी पुरता बसलो. एवढ्या खुर्च्या वाकवल्या, कधी एकीत बसलो नव्हतो. तयार झाली की लगेच प्लास्टिक गुंडाळतात, आमच्या कपड्यांना ग्रीस. पाठ टेकली. वेत जरा दबला आणि कमरेत धरल्यासारखं वाटलं, जसा कुणीतरी हात ठेवावा. मी डोळे मिटले. आणि त्या मोठ्या मोकळ्या खोलीत मला बाबांचा खोकला ऐकू आला. मी उठलो, टेम्पोवाल्याला बोललो, चल लवकर.

रिजेक्ट खुर्ची शेठकडे मागितली. तो बोलला, घेऊन जा, भंगारातच जाणार होती.

घरी बायकोनं तिच्यासाठी जागा केली. पाण्याचा पिंप मोरीत सरकवला, शिलाई मशीन पलंगाच्या पायथ्याशी, स्टूल बाल्कनीत. खुर्ची खिडकीजवळ ठेवली. ती छान दिसत होती, आणि तिच्यामुळे बाकीचं सगळं घर आणखी वाईट दिसायला लागलं. काकी बघायला आल्या, एका बोटानं दाबून बोलल्या, ये तो झूला है. बायको बोलली, दिसायला चांगलीय, पण मामा बसतील तेव्हा खरं.

बाबांनी पलंगावरनं खुर्चीकडे बराच वेळ बघितलं.

"मागचे पाय कुठं हायत?"

"नसतात, बाबा. डिझाइन आहे ती."

"कुणाची?"

"परदेशातल्या लोकांची."

"त्यांच्याकडं पाइप कमी पडला?"

मी स्वतः बसून दाखवलं. नुसता नाय, उड्या मारून दाखवलं, बघा, कशी लवते, कशी वर येते, काय होत नाय. तिसऱ्या उडीला माझं डोकं खिडकीच्या उघड्या झडपेला लागलं. बाबा खूप दिवसांनी हसले. डोक्याला टेंगूळ आलं, पण ते हसले म्हणून मी आणखी एकदा आपटून घ्यायला तयार होतो.

त्या दिवशी बसले नाहीत. नंतर एका दुपारी बायको बोलली, मामांनी स्वतःच सांगितलं, बसव मला तिथं. मी घरी आलो तेव्हा ते बसलेले. पाठ आधी सरळ, खुर्चीला न लावता. मग दिवसागणिक थोडी थोडी मागे. एकदा बघितलं तर पाठ पूर्ण टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले, दोन्ही हात लाकडी पट्ट्यांवर. मी दारातच थांबलो. आत गेलो असतो तर त्यांनी पाठ परत सरळ केली असती.

खोकला कमी झाला. भाकरी पूर्ण खायला लागले. मॅडम बोलल्या, आता उठायला लागले की जिंकलं. पण उठताना काय मला दिसत नव्हते. सकाळी बायको पोळीभाजी केंद्रात जायची, मी गाळ्यात. जाताना त्यांना खुर्चीत बसवून जायचो, दुपारी बायको येऊन पलंगावर घ्यायची. मी रोज विचारायचो, उठलात का? ते खिडकीबाहेर बघायचे.

त्या दिवसांत आमच्यात एक भांडण रोज होतं. मी सकाळी खिडकी लावून जायचो, कारण कबुतरं आत येतात. संध्याकाळी आलो की खिडकी उघडी. बायकोला बोलायचो, तुला सांगून सांगून थकलो. ती बोलायची, मी हात पण लावलेला नाय, तुम्हीच विसरता आणि माझ्यावर घालता. दोघं एकमेकांना खोटं ठरवत होतो आणि बाबा मधे शांत बसलेले, टीव्ही बघावा तसे आमच्याकडे बघत.

माझं लक्ष मात्र सुरकुतीवर. बाबा बसले की खुर्ची लवायची, आणि मला तो पुढचा बेंड दिसायचा, जिथं सगळं वजन येतं, बरोबर तिथंच माझी सुरकुती. मला वाटायचं ती आज जरा उघडलीय. दुसऱ्या दिवशी वाटायचं, आणखी उघडलीय. गाळ्यात दुसरा पाइप वाकवताना डोळ्यासमोर बाबा खाली, धातूचा खुबा, परत हॉस्पिटल. हातातलं काम चुकायला लागलं. शेठ ओरडला. तेव्हा त्याला एक साधी गोष्ट विचारली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण पाइपातलं मला कळतं ना.

रविवारी खुर्ची उचलली. बाबांनी विचारलं, कुठं नेतोस? मी बोललो, सर्व्हिसिंगला.

गाळा बंद होता, चावी माझ्याकडे असते. मी दोन पाइप कापले आणि मागे दोन पाय वेल्डिंग केले. चांगले, दणकट. वरनं बफिंग मारून चकाकी आणली. खुर्चीवर बसून उड्या मारल्या. हलली पण नाय. शंभर वर्षांत जे कुणाला सुचलं नाय ते मला सुचलं, या आनंदात मी ती डोक्यावर घेऊन रस्त्यानं घरी आलो.

बायको बोलली, आता शाळेतली खुर्ची दिसतेय. मी बोललो, दिसण्याला काय चाटायचंय? बाबा बसले. दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून त्यांनी खाली दाबलं. थांबले. परत दाबलं. मग माझ्याकडे बघितलं.

"घट्ट झाली," ते बोलले.

"एकदम घट्ट," मी बोललो, आणि बायकोकडे बघून भुवई उडवली.

तिथनं उतार लागला. आधी पाठ टेकेना. मग बसायला नको बोलायला लागले. मग परत पलंग, परत भिंत. भाकरी अर्धी, मग चतकोर, मग नुसतं पाणी. खोकला परत आला आणि या वेळी कोरडा नव्हता. खिडकी आता संध्याकाळी बंद असायची. मला वाटलं, चला, बायको एकदाची सुधारली.

मी काय काय केलं ते सांगायला पण लाज वाटते. त्यांच्या आवडीचं सुकट आणलं. नकला केल्या. विहारातले लोक तुमची चौकशी करतात बोललो, ते खरं होतं, पण आता कुणी घरी येऊ नका असं बाबांनी बायकोकडनं कळवलं होतं, हे मला माहीत नव्हतं. एकदा मी बाहेर जाऊन दाराची बेल वाजवली. आत येऊन बोललो, बाबा, साहेबांनी बोलावलंय. मला खरंच वाटलेलं की अंगात मुरलेलं असतं, बेल ऐकून शरीर आपोआप उठेल. बाबांनी डोळे उघडले नाहीत. बोलले, मी रिटायर झालोय. बायको स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती, तिचे खांदे हलत होते. मला वाटलं हसतेय. जवळ गेलो तर हसत नव्हती.

मॅडमनी छाती तपासली. कपाळावर आठी. मला लिफ्टजवळ बोलावलं नाय, तिथंच सगळ्यांसमोर बोलल्या, बसत का नाही हे? आधी बरे होते ना? गाळ्यात मी पाइप ठेवायच्या घोडीमागे जाऊन रडलो. एकानं विचारलं तर सांगितलं, बफिंगची धूळ गेली. तो बोलला, मशीन तर बंद आहे.

शेवटी एका संध्याकाळी मी पलंगाजवळ खाली बसलो, जिथं बाबा बसायचे तिथंच. माझ्याजवळ गंमत करायला काय उरलंच नव्हतं. मी विचारलं, बाबा, काय चुकलं माझं? का उठत नाय तुम्ही?

बराच वेळ खोकत राहिले. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलले, "उठत होतो."

"कधी?"

"तुमी दोगं गेल्यावर. ती खुर्ची खाली जायची, वर यायची. दोनदा दाबायचं, तिसऱ्याला तीच वर टाकायची. मंग धरून धरून खिडकीपर्यंत. खिडकी उघडायची, परत येऊन बसायचं. लिफ्टपर्यंत जमलं असतं तर सांगनार होतो. एकदम विहारातच जानार होतो, तुला न सांगता."

बायको बाहेर आली, हाताला पीठ. आम्ही दोघांनी खिडकीकडे बघितलं.

मी बोललो, "मग मी पाय लावून आणले तेव्हाच का नाय सांगितलंत?"

"तू लय खूश होतास."

मी तिथंच बसून राहिलो. बायकोनं पिठाच्या हातानं माझ्या डोक्यावर टप्पल मारली, जोरात नाय, आणि आत गेली. माझ्या केसांत पीठ घेऊन मी तसाच बसलो.

सकाळी गाळा उघडायच्या आधी मी खुर्ची घेऊन दारात. शेठ आला, त्याला सगळं सांगितलं. सुरकुती दाखवली, विचारलं, पाय काढले तर मोडेल का? त्यानं वाकून बघितलं, अंगठा फिरवला. बोलला, "ती दिसायला खराब म्हणून काढली होती. मोडायला काय झालंय तिला? जाड पाइप आहे. तुझ्यासारखे दोन बसले तरी मोडणार नाही." मग बोलला, विचारायचं ना.

मी ग्राइंडर लावून दोन्ही पाय कापले. जिथं वेल्डिंग होतं तिथं पाइप काळा पडलेला, कितीही बफिंग केलं तरी डाग राहिले, मागनं बघितलं तर दोन जळके डोळे. पुढनं सुरकुती, मागनं डाग. डोंगरीच्या बाईंनी हिला घरात घेतली नसती. मी ती घरी आणली, खिडकीजवळ ठेवली. बायकोनं केंद्राला सुट्टी टाकली होती.

बाबांना बसवलं. ते किती हलके झालेत ते मला तेव्हा हाताला कळलं. खुर्ची लवली. फार नाय, आधीएवढी पण नाय, कारण वजनच उरलं नव्हतं. बाबांनी डोळे मिटले, हात पट्ट्यांवर ठेवले आणि दाबलं. खुर्ची खाली गेली, वर आली. परत दाबलं. खाली, वर. तिसऱ्याला अंग जरा सुटलं, सीटपासनं चार बोटं वर, आणि परत खाली. मानेची शीर उभी.

बायको दारात, पदर तोंडावर. मी बाबांच्या बरोबर समोर उभा, दोन्ही हात पुढे, क्रिकेटमध्ये कॅच घ्यायला उभे राहतात तसा. आणि माझं तोंड चालू. बोलतोय, काय घाई नाय, आज नाय तर उद्या, बघा खिडकी बंद आहे, कबुतरं वाट बघतायत, साहेब पण वाट बघतायत. मला गप्प बसता येत नव्हतं. गप्प बसलो तर छातीतली घरघर ऐकायला येत होती.

त्यांनी परत दाबलं. एक. दोन. मधेच थांबले. डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, वरपासनं खालपर्यंत, जसं ऑफिसात मधेच पडलेल्या खुर्चीकडे बघत असतील.

"तोंड बंद कर आन् पुढनं हट," ते बोलले. "उठायला जागा लागते."